ऑस्बोर्नचा नाताळ आणि दरबारी दालन

राजवाड्यास नाताळचा साज चढविणे सोपे. त्या साजाआडून वाड्याचा इतिहास दिसू देणे कठीण. इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट बेटावर व्हिक्टोरिया राणीचा ऑस्बोर्न हा खाजगी वाडा आहे. नाताळच्या दिवसांत तो पाहताना आम्ही हीच कसोटी लावली.

वाडा १८४५ ते १८५१ या काळात उभारला गेला. नाताळवृक्षाची जर्मन चाल राणीचे पती आल्बर्ट यांनी इंग्लंडात आणली असे सर्रास सांगतात. ते अर्धसत्य होय. शार्लट राणीने १८०० सालीच विंडसर येथे असा वृक्ष उभा केला होता. १८४८ मध्ये एका सचित्र साप्ताहिकात राजकुटुंबाचे वृक्षाभोवतीचे चित्र झळकले, आणि मग ती चाल घरोघर गेली. दिवाणखान्यातील हिरव्या माळा हा कौटुंबिक जिव्हाळा नेटका दाखवितात. त्यांविषयी अधिक लिहिण्याजोगे नाही.

खरा प्रश्न दरबारी दालनाचा आहे. ते १८९०-९१ मध्ये बांधले गेले. भिंतींवरची व छतावरची शुभ्र नक्षी दगडात कोरल्यासारखी भासते, पण ती आहे प्लास्टरची. शेकोटीवर पिसारा फुलविलेला मोर. हे रेखाटन लाहोरच्या मेयो कलाशाळेत घडलेल्या भाई रामसिंग यांचे. मार्गदर्शन तेथील प्राचार्य जॉन लॉकवुड किपलिंग यांचे. राणीच्या अखेरच्या दशकात याच दालनात नाताळवृक्ष व भेटींची मेजे मांडली जात. तेव्हा येथे वृक्ष उपरा म्हणता येणार नाही. उलट मोराशेजारी तो शोभतो, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु याच वास्तूत १८८७ व १८९७ या दोन ज्युबिलींच्या निमित्ताने हिंदुस्थानातून आलेल्या मानपत्रांचे करंडकही आहेत. राणी १८७७ पासून हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणविली गेली. कायद्याने हक्क पुरा, पण त्या भूमीवर तिचे पाऊल कधी पडले नाही. १८९७ च्या ज्युबिलीच्या वेळी मुंबई-पुण्यास प्लेग होता, देशात दुष्काळ होता. २२ जूनच्या रात्री, ज्युबिलीचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर पुण्यात चापेकरांनी गोळी झाडली. नाताळच्या दिव्यांत हे करंडक केवळ आणखी चकाकणाऱ्या भेटवस्तू ठरतात. सजावटीचा मोह येथेच घातक आहे: ती सर्व देणे प्रेमाचे मानावयास लावते, मग ते आईने मुलास दिलेले असो की अंकित प्रजेने राज्यकर्त्यांस.

रामसिंग यांचे रुडॉल्फ स्वोबोडाने रंगविलेले चित्र याच वाड्याच्या संग्रहात आहे. दालन पाहून आलेल्याने ते शोधावे, आणि थोडा वेळ त्यापुढे उभे राहावे.