ट्राम गेली, टीटी राहिले

तीर्थपुरीहून मुंबईला निघालेल्या माणसाला ‘दादर टीटीला उतरायचे’ एवढे नक्की ठाऊक असते. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे मात्र मला फार उशिरा कळले. बोरीबंदरहून दादरला येणारी शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. रूळ गेले, नाव राहिले.

मुंबईच्या वास्तूंवरचे लेखन वाचताना एक उणीव खटकते. ते शैलीपाशीच थांबते. गॉथिक कोणती, आर्ट डेको कोणती, वास्तुविशारद कोण, हे सांगते. २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेलेला ओव्हल मैदानाभोवतीचा इमारतसमूहही शैलींच्याच नावाने नोंदला गेला. इमारतीच्या दारापर्यंत माणसे कशी पोचत, हा प्रश्न त्यात येत नाही.

तो विचारला की क्रम बदलतो. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीला जाणारी गाडी क्रॉफर्ड मार्केटवरून जाई. सुरुवातीचे भाडे तीन आणे होते. तबेल्यात नऊशे घोडे असल्याचे सांगतात. कंपनीची कचेरी होती तिथे आज बेस्टचे इलेक्ट्रिक हाउस उभे आहे. विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी आली.

दरम्यान प्लेगनंतर, १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंग्याची वसाहत आखली गेली. कुणी म्हणेल, ती लोकलमुळे वाढली. खरेच, पण लोकल स्टेशनात थांबते, ट्राम दुकानाच्या पायरीसमोर थांबे. खोदादाद सर्कलवरच्या इम्पिरियल महल, एम्प्रेस महल या इमारती पाहताना तळाची दुकाने आणि वरची बिऱ्हाडे मला त्या थांब्यावरच्या गर्दीचाच हिशेब वाटतात. त्यांना केवळ शैलीच्या रकान्यात बसवले, तर हा हिशेब पुसला जातो.

बोरीबंदरसमोर भाटिया बागेत आता ट्रामचा डबा मांडला आहे. तो कोलकात्याहून आणलेला आहे. पाहायला हरकत नाही. पण मुंबईच्या ट्रामचा खरा पुरावा दादरला, माणसे राहत असलेल्या घरांत आहे. पुनर्विकासात ती पाडली गेली, तर तसा पुरावा कुठूनही आणता येणार नाही. वारसा नोंदीत शैलीशेजारी ‘ट्रामचा थांबा’ एवढे दोन शब्द तरी लिहावेत.