अंजिराचे झाड आणि चाळीस वर्षे

पश्चिम आशियात युद्धाचा वणवा पेटला की आपल्या मंडळ्यांतून एक प्रश्न हमखास पुढे येतो : "पाद्रीसाहेब, शास्त्रात सांगितलेला शेवटचा काळ तो हाच का?" प्रश्न विचारणारा मनुष्य बहुधा प्रामाणिक असतो, बहुधा घाबरलेला असतो आणि आपल्या उत्तराची वाट न पाहता त्याने अन्य कोठून तरी एक तयार उत्तर अगोदरच ऐकलेले असते. त्या तयार उत्तरात राष्ट्रांची नावे असतात, नकाशा असतो आणि पुष्कळदा वर्षही असते. हे उत्तर येते कोठून आणि पवित्र शास्त्राच्या कसोटीला ते कितपत उतरते, हे तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आज प्रचारात असलेल्या या उत्तरांचा माग काढीत गेल्यास त्यांपैकी पुष्कळ उत्तरे एका ग्रंथापाशी येऊन थांबतात. हॅल लिंडसे यांनी कॅरोल कार्लसन यांच्या साहाय्याने लिहिलेला 'द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ' हा तो ग्रंथ. १९७० साली अमेरिकेत तो प्रसिद्ध झाला, १९९० पर्यंत त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि त्यावर चित्रपटही निघाला. ग्रंथकर्ते २०२४ साली निवर्तले. त्यांच्या अंतःकरणाचा न्याय करणे हे आमचे काम नव्हे, तो करणारा दुसरा आहे. परंतु त्यांची पद्धती त्यांच्यामागे जिवंत आहे, आणि ज्यांनी हा ग्रंथ कधी पाहिलाही नाही अशांच्या भ्रमणध्वनीवर ती आज चित्रफितींच्या रूपाने येऊन पोचते. म्हणून टीका करावयाची ती पद्धतीवर.

प्रथम ग्रंथाच्या पदरात जे पुण्य आहे ते मोकळेपणाने घातले पाहिजे. तो लिहिला गेला तेव्हा अणुयुद्धाची छाया जगावर होती, व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होते आणि १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात जुने यरुशलेम इस्राएलच्या ताब्यात आले होते. इतिहास हा आंधळ्या घटनांचा ढीग नाही, त्याला धनी आहे, आणि तो धनी येणार आहे, ही गोष्ट लिंडसे यांनी सामान्य वाचकाला समजेल अशा सोप्या भाषेत सांगितली. ज्या काळात अनेक विद्वान धर्मगुरूंना ख्रिस्ताच्या पुनरागमनाविषयी बोलण्याचा संकोच वाटत होता, त्या काळात त्यांनी ते निःसंकोचपणे केले. लोक त्यांच्याकडे गेले याचे एक कारण आपल्या व्यासपीठांवरील मौन हे होय. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

ग्रंथातील मूळ मांडणी लिंडसे यांची स्वतःची नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रदरेन पंथाचे पुढारी जॉन नेल्सन डार्बी यांनी मंडळी व इस्राएल यांच्यासाठी देवाच्या दोन वेगळ्या योजना कल्पिल्या, आणि महासंकटापूर्वी मंडळी गुप्तपणे वर उचलली जाईल असे शिकविले. १९०९ साली निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपायुक्त बायबलने हे मत घरोघरी नेले. टीप आणि वचन एकाच पानावर छापली गेली की साध्या वाचकाच्या मनात त्यांतील भेद राहत नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा होय. लिंडसे यांनी या मांडणीला वर्तमानपत्र जोडले. त्या जोडकामाचे तीन नमुने पाहू.

पहिला नमुना अंजिराच्या झाडाचा. मत्तय २४:३२-३४ मध्ये प्रभू सांगतो की अंजिराला पालवी फुटली म्हणजे उन्हाळा जवळ आला हे तुम्हांला कळते, तसेच या गोष्टी दिसू लागल्या म्हणजे तो दाराशीच आहे हे ओळखा. आणि हे सर्व होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. लिंडसे म्हणतात, अंजीर म्हणजे इस्राएल राष्ट्र, पालवी म्हणजे १४ मे १९४८ रोजी झालेली त्याची स्थापना, आणि पिढी म्हणजे सुमारे चाळीस वर्षे. बेरीज वाचकानेच करावी. येथे न्याय्य बोलले पाहिजे : त्यांनी नेमका दिवस सांगितला नाही, शक्यतेच्या भाषेत लिहिले आणि मागचे दार उघडे ठेवले. परंतु लाखो वाचक १९८८ हे वर्ष मनात धरूनच ग्रंथ मिटीत होते, आणि त्यांना तसे करू देण्याची जबाबदारी लेखकाला टाळता येत नाही. त्याच वर्षी एडगर व्हाइझनंट यांनी सप्टेंबरातील तीन दिवस सांगून अठ्ठ्याऐंशी कारणे पुढे केली. सप्टेंबर आला आणि गेला.

आता वचनाकडे पाहू. हाच दृष्टांत लूक २१:२९ मध्येही आहे. पण तेथे प्रभू अंजिराबरोबर इतर सर्व झाडांचाही उल्लेख करतो. अंजीर म्हणजे इस्राएल असेल तर ती सर्व झाडे कोणती राष्ट्रे? या एका वाक्यांशाने संपूर्ण इमारत ढासळते. दृष्टांत झाडाच्या ओळखीविषयी नाही, ऋतूच्या ओळखीविषयी आहे. पळसाला फूल आले म्हणजे वसंत आला हे खेड्यातल्या पोरालाही कळते. त्यासाठी पळस म्हणजे कोणते राज्य, असे कोणी विचारीत नाही.

दुसरा नमुना नावांचा. यहेज्केल ३८ मधील गोग हा रशिया होय असे ठरविताना 'रोश' या शब्दावरून रशिया, 'मेशेख' वरून मॉस्को आणि 'तुबाल' वरून तोबोल्स्क काढण्यात आले. ही तुलनाही लिंडसे यांच्या आधीपासून चालत आलेली आहे. त्यांनी ती नव्या बाजारात आणली. इब्री भाषेत 'रोश' म्हणजे डोके, मुख्य. ग्रीक सप्ततीत तो शब्द विशेषनाम म्हणून घेतला गेला, म्हणून भाषांतरांत दोन्ही प्रकार आढळतात. मेशेख आणि तुबाल ही आशिया मायनरमधील राष्ट्रे होती; अश्शूरी लेखांत त्यांचा पत्ता लागतो. मॉस्कोचे नाव इतिहासात प्रथम ११४७ साली येते आणि तोबोल्स्क वसले १५८७ साली. बाबेलमध्ये पाडाव होऊन गेलेल्या यहेज्केलच्या श्रोत्यांना दोन हजार वर्षांनी वसणाऱ्या गावाचे नाव ऐकवून कोणता दिलासा मिळणार होता? नादसाम्यावरून व्युत्पत्ती करावयाची ठरविली तर कोणत्याही गावाचा संबंध कोणत्याही शास्त्रवचनाशी जोडता येईल. आणि ज्या सोव्हिएत संघाला उत्तरेचा महाशत्रू ठरविले होते, तो डिसेंबर १९९१ मध्ये शस्त्र न उचलता विसर्जित झाला.

तिसरा नमुना दहा शिंगांचा. दानीएल ७ व प्रकटीकरण १३ मधील श्वापदाची दहा शिंगे म्हणजे युरोपची सामायिक बाजारपेठ, असे सांगितले गेले. ग्रंथ निघाला तेव्हा तिचे सभासद सहा होते. १९८१ साली ग्रीस आल्यावर ते दहा झाले, तेव्हा अनेकांना भाकीत खरे ठरल्यासारखे वाटले. १९८६ साली स्पेन व पोर्तुगाल आले आणि संख्या बारा झाली. आज युरोपीय संघात सत्तावीस राष्ट्रे आहेत. श्वापदाला शिंगे फुटतच राहिली. परंतु चूक झाली असे म्हणण्याऐवजी नवी आकडेमोड पुढे आली.

हे काही विसाव्या शतकातच घडले असे नाही. न्यूयॉर्क राज्यातील शेतकरी व बाप्टिस्ट उपदेशक विल्यम मिलर यांनी दानीएल ८:१४ मधील २३०० दिवसांची वर्षे केली, ती इ. स. पूर्व ४५७ पासून मोजली आणि १८४३-४४ हा काळ निश्चित केला. तो टळल्यावर चळवळीतील लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरविला. काहींनी शेतातील पीकही काढले नाही. ती रात्र उलटली, सूर्य उगवला, आणि रात्रभर वाट पाहणारी माणसे रडत बसली. या माणसांना हसणे सोपे आहे. आम्हांस ते साधत नाही. कारण प्रभूच्या भेटीसाठी इतक्या उत्कंठेने जागण्याची रात्र आपल्या वाट्याला किती वेळा आली, हा प्रश्न मागे उरतो. त्यांची उत्कंठा चुकीची नव्हती. त्यांना शिकविणाऱ्यांनी तिला कॅलेंडराला बांधले, हा अपराध होता.

आपल्या देशातही अशी भीती पाहिलेली आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रहीच्या योगाने जग बुडणार, अशी हूल उठली आणि ठिकठिकाणी यज्ञयाग झाले. त्या प्रकाराला आपण सहज अंधश्रद्धा म्हणतो. मग ग्रहांच्या जागी राष्ट्रे मांडून तीच आकडेमोड केली की तिला भविष्यवाद म्हणावयाचे काय? मुहूर्त विचारण्याची सवय आपल्या हाडीमांसी खिळलेली आहे. येशूचे नाव घेतल्याने ती आपोआप जात नाही. आपल्या जुन्या मराठी भाषांतरांत 'भविष्यवादी' हा शब्द होता. पुढे त्याच्या जागी 'संदेष्टा' हा शब्द आला. बदल लहान दिसतो, पण त्यात सगळे मर्म आहे. संदेष्टा भविष्य वर्तवीत नाही असे नव्हे. तो ते वर्तवितो ते ऐकणाऱ्याने आज पश्चात्ताप करावा म्हणून. योनाने निनवेला चाळीस दिवसांची मुदत दिली. निनवे वळली, आणि भाकीत टळले. भविष्यवाद्याच्या दृष्टीने योना खोटा ठरला. देवाच्या दृष्टीने त्याचा संदेश सफल झाला.

लिंडसे यांच्या पद्धतीचा खरा दोष आम्ही येथे पाहतो. बेरीज चुकली हा किरकोळ दोष आहे. बेरीज बरोबर आली असती तरी शिकवण चुकीचीच ठरली असती. या पद्धतीत न्याय नेहमी दुसऱ्याचा होतो. रशियाचा होतो, अरबांचा होतो, चीनचा होतो. वाचक मात्र अगोदरच वर उचलला गेलेला असतो आणि सज्जात बसून खालचा प्रलय पाहतो. शास्त्राची दिशा याच्या अगदी उलट आहे. परमेश्वराच्या दिवसाची हौसेने वाट पाहणाऱ्या इस्राएलला आमोस (५:१८) बजावतो की तो दिवस तुमच्यासाठी उजेडाचा नसून काळोखाचा असेल. पेत्र (१ पेत्र ४:१७) सांगतो की न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो. प्रकटीकरणातही श्वापद येण्यापूर्वी सात मंडळ्यांना पत्रे येतात, आणि त्यांत लावदिकीयाच्या कोमट, श्रीमंत मंडळीची जी झडती आहे तिच्यापुढे नकाशे काढण्याची हिंमत होऊ नये. मत्तय २४ नंतर मत्तय २५ येतो हेही आपण विसरतो. तेथे राजा सिंहासनावर बसल्यावर कोणत्याही राष्ट्राला शिंगांची संख्या विचारीत नाही. भुकेला, तान्हेला, उघडा, परका, आजारी व बंदिवान यांच्याशी कसे वागलात, एवढेच विचारतो.

नकाशा पाहणाऱ्याला माणसे दिसत नाहीत. या मांडणीत यहूदी व अरब ही दोन्ही माणसे पटावरील सोंगट्या होतात. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्राएलमध्ये मारली गेलेली माणसे, त्यानंतर गाझात मारली गेलेली माणसे आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेला तेथील संत पॉर्फिरिअस यांच्या प्राचीन देवालयाच्या आवारात आश्रयाला असताना बळी पडलेले ख्रिस्ती बांधव, या सर्वांविषयी शोक करण्याऐवजी 'चिन्हे पूर्ण होत आहेत' म्हणून ज्याला समाधान वाटते, त्याने मत्तय २५ पुन्हा वाचावा. यरुशलेमच्या नाशाविषयी बोलण्यापूर्वी प्रभू ते शहर पाहून रडला होता.

आता आपल्या मौनाविषयी. आपण रविवारी मतांगीकार म्हणतो, जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास तो येईल असे सर्व मंडळी उभी राहून कबूल करते, आणि त्यावर वर्षभरात एक उपदेशही होत नाही. आगमनकाळाच्या रविवारी मृत्यू, न्याय, स्वर्ग व नरक या चार अंतिम गोष्टींवर बोलण्याची जुनी प्रथा होती. आज तो काळ नाताळाच्या तयारीत निघून जातो. रिकाम्या घरात कोण शिरतो, हे प्रभूने सांगितले आहे. आपण ज्या विषयाला हात लावीत नाही, तो विषय दुसरे उचलतात; मग आपण त्यांच्या चुका मोजीत बसतो.

म्हणून तो घाबरलेला मनुष्य येईल तेव्हा त्याला हसून लावून देऊ नये. दिवस व घटका पुत्रालाही ठाऊक नाही, हे मार्क १३:३२ उघडून त्याच्यापुढे ठेवावे. जे त्याने मागितले नाही ते आपण सांगू नये. प्रेषितांनी काळाविषयी विचारले तेव्हा त्यांना साक्षीदार होण्याचे काम मिळाले (प्रे. कृत्ये १:६-८), हे दाखवावे. आणि उचलले जाण्याविषयीचा जो उतारा (१ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१८) वादासाठी वापरला जातो, तो आपण दफनाच्या वेळी कबरीपाशी वाचतो याची आठवण द्यावी. पौलाने तो संकटातून निसटण्याचा मार्ग सांगण्यासाठी लिहिला नाही. आपली माणसे मरून गेली, आता त्यांचे काय, या चिंतेत रडणाऱ्यांसाठी त्याने तो लिहिला, आणि या शब्दांनी एकमेकांचे सांत्वन करा असे सांगून संपविला. जी शिकवण त्या कबरीपाशी उभ्या असलेल्या विधवेला धीर देऊ शकत नाही, ती प्रभूच्या येण्याची शिकवण नव्हे.

तो येणार आहे. हे आम्ही लिंडसे यांच्याइतक्याच ठामपणे म्हणतो. तो केव्हा येणार हे विचारणाऱ्याला, तो आला म्हणजे आपल्याला कोणत्या कामात गुंतलेले पाहील, हा प्रश्न परत द्यावा. आणि तो प्रथम स्वतःला विचारून मगच व्यासपीठावर चढावे.