मिरजगावचा रस्ता, पथदिव्यांचं बिल आणि आपल्या प्रबंधातलं 'प्राधान्य'

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी संशोधन प्रस्तावात एक वाक्य लिहिलं होतं : 'ग्रामपंचायती दिवाबत्तीपेक्षा रस्त्यांना अधिक प्राधान्य देतात, असे खर्चाच्या आकडेवारीवरून दिसून येते.' वाक्य मला फार आवडलं होतं. मागे आकडे होते, टक्केवारी होती, एक छान स्तंभालेखही होता. गाईड मॅडमनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'रस्त्याच्या पैशातून बिल भरता आलं असतं का?'

या एका ओळीने माझं अख्खं प्रकरण पाडलं. आज त्याच वाक्यावर टीका करायची आहे. माझ्या एकटीच्याच प्रस्तावात ते असतं तर एवढं लिहायची गरज नव्हती. पण स्थानिक स्वराज्य संस्थांवरचे प्रबंध चाळा, हेच वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटेल. तुम्ही पेट किंवा नेट देऊन प्रस्तावाच्या तयारीला लागला असाल, तर तुमच्याही मसुद्यात ते असण्याची शक्यता बरीच आहे.

उदाहरणासाठी मिरजगाव घेऊ. अहिल्यानगर जिल्हा, कर्जत तालुका, नगर-सोलापूर रस्त्यावरचं मोठं गाव. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं. जुनी कागदपत्रं शोधताना 'अहमदनगर' आणि 'अहिल्यानगर' दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर निम्मा विदा हातातून जाईल.) अवर्षणप्रवण पट्टा, त्यामुळे पाण्याची मोटार, पथदिवे आणि रस्ता हे तिन्ही विषय ग्रामसभेत निघणारच.

रस्ता कुणाचा?

आपण सरसकट 'गावचा रस्ता' म्हणतो. कागदावर तसा एक रस्ता नसतो. नगर-सोलापूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग, त्याचा ग्रामपंचायतीच्या तिजोरीशी संबंध नाही. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, म्हणजे वाड्यावस्त्यांना जोडणारे बरेचसे रस्ते, जिल्हा परिषदेकडे. गावठाणातल्या गल्ल्या तेवढ्या ग्रामपंचायतीच्या.

पैशांचे रस्तेही असेच वेगवेगळे. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना जिल्हा नियोजनातून ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली निधी मिळतो. गावांतर्गत काँक्रिटीकरण, पेव्हिंग ब्लॉक, गटार अशी कामं बऱ्याचदा २५१५ या लेखाशीर्षातून येतात, आणि ती लोकप्रतिनिधींनी सुचवलेली असतात. शिवाय आमदार निधी आहे, प्रधानमंत्री आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आहेत, शेतरस्त्यांसाठी रोजगार हमीशी जोडलेली पाणंद रस्ते योजना आहे. यातल्या बहुतेक पैशांवर कामाचं नाव आधीच छापलेलं असतं. सरपंचांनी ठरवलं की यंदा रस्ता नको, या पैशात वर्षभराचं वीजबिल भरू, तर तो पैसा बिलाकडे वळत नाही. तो दुसऱ्या गावाच्या रस्त्याला जातो.

म्हणजे मी ज्याला 'प्राधान्य' म्हणत होते त्यातला मोठा भाग गावाने निवडलेलाच नव्हता. समोर आलेला पैसा घ्यायचा की सोडायचा, एवढीच निवड होती. आलेला पैसा कोण सोडतं?

वीज घेणं ही खरेदी आहे का?

आता दुसरी बाजू. ग्रामपंचायत वीज विकत घेते, पण ही खरेदी निविदा काढून होत नाही. विकणारी कंपनी एकच, महावितरण. दर ठरवतो राज्य वीज नियामक आयोग. पथदिवे आणि सार्वजनिक पाणीपुरवठा यांचे वर्ग वेगळे, दर वेगळे. ग्रामपंचायतीच्या हातात फक्त दिवे किती आणि ते किती वेळ जळणार, एवढंच उरतं.

गंमत म्हणजे घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी जे २९ विषय दिलेत, त्यात रस्तेही आहेत आणि विजेच्या वितरणासह ग्रामीण विद्युतीकरणही आहे. पण ती यादी अधिकार देत नाही. कलम २४३ छ नुसार राज्याचं विधिमंडळ ते देऊ शकतं, दिलेच पाहिजेत असं नाही. प्रबंधाच्या प्रस्तावनेत '७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना २९ विषयांचे अधिकार मिळाले' असं लिहिण्याआधी हे एकदा वाचा.

पूर्ण निर्णय हातात असणं कसं दिसतं, हे पाहायचं तर मुंबईकडे बघा. १९४७ च्या ऑगस्टमध्ये मुंबई महापालिकेने वीज आणि ट्राम चालवणारी कंपनीच विकत घेतली. तीच आजची बेस्ट. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण हवं असेल तर श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था. देशात ग्रामीण वीज सहकारी संस्थांचे जे पहिले प्रयोग झाले त्यातली ही एक. ग्राहकच सभासद, संस्थाच वितरक. पण वीज ती घाऊक भावाने मंडळाकडूनच घेत होती, थकबाकी वाढत गेली आणि २०११ मध्ये तिच्या भागाचं वितरण महावितरणकडे गेलं. मुंबईने विक्रेता विकत घेतला, मुळा-प्रवराने किरकोळ विक्री हातात घेतली, आणि मिरजगावसारखं गाव फक्त युनिटं विकत घेतं. तिन्हींना आपण 'स्थानिक संस्थेचा निर्णय' हा एकच शब्द वापरला, तर शब्दाला अर्थ उरत नाही.

बिल कुणी भरायचं, हेही बदललं

आता कालक्रम पाहा, कारण माझ्या स्तंभालेखातली खरी चूक इथे होती. पूर्वी ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची बिलं राज्याच्या अनुदानातून, जिल्हा परिषदेमार्फत भरली जायची. २०२१ च्या जूनमध्ये ग्रामविकास विभागाने सांगितलं की पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची बिलं पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरा. त्या वर्षी राज्यात कित्येक गावांचे पथदिवे थकबाकीपोटी तोडले गेले, सरपंचांनी आंदोलनंही केली.

मी २०१८ ते २०२३ ची आकडेवारी एका रेषेत मांडली होती. २०२१ नंतर दिवाबत्तीचा खर्च एकदम वर गेलेला दिसत होता, आणि मी त्याचा अर्थ लावला होता 'दिवाबत्तीबाबत वाढती जागरूकता'! दिवे तेवढेच होते. बिल भरणारं खातं बदललं होतं.

पंधराव्या वित्त आयोगाचा निधीही मोकळा नसतो. २०२१-२६ या काळासाठी नियम असा : ६० टक्के बंधित, त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पाण्यासाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. पाणीपुरवठ्याचं बिल बंधित भागातून भरता येतं, पथदिव्यांचं मात्र अबंधित भागातून.

एक काल्पनिक हिशोब करून बघू. समजा एका गावाला वर्षाला १० लाख आले. ६ लाख बंधित गेले. ४ लाख उरले. पथदिव्यांचं बिल १ लाख, उरलेल्या ३ लाखांत गल्लीचं काँक्रिट. त्याच वर्षी २५१५ मधून १० लाखांचा आणखी एक रस्ता आला. आता संशोधक बेरीज करतो : रस्ते १३ लाख, दिवे १ लाख. निष्कर्ष : गाव रस्त्यांना तेरापट प्राधान्य देतं. खरं तर गावाला विचार करायला मिळाले ४ लाख, आणि त्यातलं १ लाखाचं बिल न भरलं तर वीज तुटणार. म्हणजे निवड ३ लाखांची. चौदा लाखांचा स्तंभालेख काढून आपण तीन लाखांच्या निर्णयावर गावाला जोखत होतो.

सिद्धांतावर ढकलू नका

माझ्या प्रस्तावात वॉलेस ओट्स यांच्या १९७२ च्या 'फिस्कल फेडरलिझम' या पुस्तकाचा आधार होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ठिकठिकाणच्या लोकांची पसंती वेगळी असेल, मोठ्या पातळीवरून सेवा पुरवल्याने खर्च वाचत नसेल आणि एका गावच्या खर्चाचा फायदा-तोटा शेजारच्या गावात सांडत नसेल, तर सेवा किती द्यायची हे स्थानिक संस्थेने ठरवणं केंद्राने सगळीकडे सारखं ठरवण्यापेक्षा वाईट ठरत नाही.

आपण काय करतो? 'जर' गाळतो आणि 'तर' उचलतो. 'विकेंद्रीकरण कार्यक्षम असते (ओट्स, १९७२)' असं लिहून मोकळे. मिरजगावला ओट्स लागू करायचा तर पहिली पायरी म्हणजे सेवेची पातळी खरंच गाव ठरवतं का, हे तपासणं. ते तपासल्याशिवाय 'विकेंद्रीकरण अपयशी ठरले' असं म्हणणं हे न दिलेल्या औषधाचा गुण आला नाही म्हणण्यासारखं आहे. चूक ओट्सची नाही, आपल्या वाचनाची आहे.

मग ग्रामपंचायतीची काहीच जबाबदारी नाही?

हा आक्षेप तुमचा व्हायव्हात येणारच, आणि तो रास्त आहे. सगळं वरूनच ठरतं असं म्हणणं हाही आळसच. ग्रामपंचायतीचा खरा निर्णय एका जागी नक्की सापडतो : स्वतःच्या उत्पन्नात. घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कर, आरोग्य कर असे वेगळे रकाने असतात. कर आकारणी नमुना ८ मध्ये, मागणी नमुना ९ मध्ये. आकारणी वेळेवर सुधारली का, मागणीच्या किती टक्के वसुली झाली, दिवाबत्ती करातून दिवाबत्तीचा किती खर्च निघाला, हे प्रश्न ग्रामपंचायतीला विचारता येतात आणि विचारलेच पाहिजेत. घरपट्टी वाढवली की मतं जातात, म्हणून ती वाढवायची नाही, हा निर्णय आहे. जुने दिवे बदलून एलईडी लावायचे की आणखी एक गल्ली काँक्रिटची करायची, हाही निर्णय आहे, कारण दिवा बदलणं हा आजचा खर्च आणि उद्याच्या बिलातली बचत असते.

जबाबदारीचा दुसरा धागा वरच्या पातळीकडे जातो. खांब देणारा वेगळा, बिल भरणारा वेगळा. रस्ता सुचवणारा वेगळा, आणि दोषदायित्व कालावधी संपल्यावर खड्डे बुजवणारा वेगळा. उद्घाटनाच्या फलकावर ज्यांची नावं असतात, त्यांच्यावर पुढच्या वीस वर्षांच्या दुरुस्तीचा बोजा नसतो. आपण मात्र प्रबंधात ग्रामपंचायतीलाच 'देखभालीबाबत उदासीन' ठरवतो. त्यात मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि नंतर कित्येक वर्षं तिथे प्रशासक होते. ग्रामीण मार्गांचा मालक असलेल्या संस्थेत लोकांनी निवडलेला माणूसच नाही, अशा काळातल्या आकड्यांना 'लोकांचे प्राधान्य' कसं म्हणणार?

तुम्ही काय कराल

खर्चाच्या प्रत्येक ओळीसमोर तीन रकाने वाढवा. पैसा कुठल्या लेखाशीर्षातून आला? तो दुसऱ्या कामाला वळवता आला असता का? आणि त्या कामाचा पुढच्या वर्षाचा खर्च कुणावर पडला? 'वळवता आला नसता' असं उत्तर आलेल्या ओळी प्राधान्याच्या विश्लेषणातून बाजूला काढा. फेकून देऊ नका. त्या दुसऱ्या प्रकरणाचा विषय आहेत.

आराखडा आणि वित्त आयोगाचा खर्च ई-ग्रामस्वराजवर मिळेल. पण तेवढ्यावर थांबू नका, २५१५ किंवा आमदार निधीचं काम तिथे दिसेलच असं नाही. अंदाजपत्रकासाठी नमुना १, रोकडवहीसाठी नमुना ५, आणि ग्रामसभेचं इतिवृत्त ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक). रस्त्याचा मालक कोण हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात विचारा. चार कार्यालयं फिरावी लागतात, चहा बराच होतो. वेळापत्रकात त्यासाठी महिना धरा.

प्रश्नावलीही बदला. माझा जुना प्रश्न होता : 'रस्ता, पाणी, दिवाबत्ती, गटार यांना प्राधान्यक्रम द्या.' पहिल्याच चाचणीत एक आजोबा म्हणाले होते, 'क्रम देऊन काय करू पोरी, येतं ते घेतो आम्ही.' मी ते 'प्रतिसाद नाही' मध्ये टाकलं होतं. अख्ख्या प्रबंधाचं उत्तर मी एका रिकाम्या रकान्यात घातलं होतं.

आता प्रश्न असा आहे : 'गावाला तीन लाख मिळाले आणि ते कशावरही खर्च करता येणार असतील, तर कशावर कराल? आणि ते काम पुढे चालू ठेवायला वर्षाला किती घरपट्टी जास्त द्यायला तयार आहात?' दुसरा अर्धा भाग विचारताना माणसं थांबतात, हसतात, शेजाऱ्याकडे बघतात. मग जे उत्तर येतं, त्याला प्राधान्य म्हणायला माझी हरकत नाही.

येत्या ग्रामसभेला, म्हणजे १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर किंवा २६ जानेवारी यातली जी जवळ असेल तिला, स्वतःच्या गावी जाऊन बसा. विषयपत्रिकेवरच्या प्रत्येक कामासमोर हे तीन रकाने भरून बघा. प्रस्ताव त्यानंतर लिहा.