हाती राहिलेलं वस्त्र

होटगी जंक्शनवर विजयपूरकडची गाडी धरायची म्हणजे बाकावर बसून वाट पाहणं आलं. तशाच एका दुपारी मी उत्पत्तीच्या पुस्तकातला 39वा अध्याय उघडला. योसेफाची गोष्ट संडे स्कूलपासून पाठ. पण पाठ असलेलं आपण वाचत नाही. त्या दिवशी वाचलं.

गोष्ट थोडकी. भावांनी विकलेला योसेफ मिसरात पोटीफर नावाच्या धन्याच्या घरचा कारभारी होतो. मालकीण त्याच्यावर डोळा ठेवते, तो नाही म्हणतो आणि खोट्या आळाने तुरुंगात जातो.

मोह आपण एका क्षणाचा समजतो. इथे ती बाई दिवसामागून दिवस गळ घालते. एकदा नाही म्हणणं जमतं. रोज तितक्याच ठामपणे म्हणायला कस लागतो. त्याच्या नकाराची बांधणीही पाहावी. आधी तो धन्याच्या विश्वासाचा हिशेब मांडतो आणि मग देवाचं नाव घेतो. माणसाशी बेइमानी आणि देवाविरुद्ध पाप ही त्याच्या लेखी एकच गोष्ट आहे.

शेवटी घरात कुणी नसताना ती त्याचं वस्त्र धरते. तो वाद घालत नाही. वस्त्र सोडून काढता पाय घेतो. पळणं इथे धैर्याचं ठरतं.

आता सांगणाऱ्याची कारागिरी पाहा. निवेदनात वस्त्र ‘तिच्या हातात’ राहतं. ती सांगते तेव्हा ते ‘माझ्याजवळ’ राहिलेलं असतं. एवढा शब्द बदलला की धरणारा हात नाहीसा होतो आणि आरोप उभा राहतो. हिब्रूत वस्त्राला ‘बेगेद’ म्हणतात. त्याच अक्षरांतून विश्वासघाताचं क्रियापदही घडतं. दोन अध्याय मागे भावांनी योसेफाचा अंगरखा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाला फसवलं होतं. पुन्हा वस्त्रच खोट्या साक्षीला उभं केलं जातं. सोलापूरच्या मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या मला हे फार लागलं.

‘बाई म्हणजे मोह’ असा अर्थ यातून काढणं मात्र चूक. सत्ता इथे मालकिणीची आहे आणि योसेफ गुलाम आहे. सत्ता नसेल तर फसवणूक आणि आळ बाईच्याही वाट्याला येतात. होटगीवरूनच जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावरच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या बायकांना आसरा दिला. त्यांनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल तिथल्याच छापखान्यातून 1924 साली पुरं बाहेर आलं. खोटा आळ म्हणजे काय, हे त्या आवारात कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

मग चांगलं वागून मिळालं काय? हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. अध्याय तुरुंगातच संपतो. त्यात योसेफ स्वतःच्या बचावाचा एक शब्दही बोलताना दिसत नाही. पुढे फारो त्याला तलम वस्त्र घालतो, पण 17व्या वर्षी सुरू झालेली गोष्ट तिथवर पोचते तेव्हा तो 30चा झालेला असतो. हा अध्याय त्या बक्षिसाचं आमिष दाखवत नाही. आमिष दाखवून आमिषाला नाही म्हणायला कसं शिकवणार? तो एवढंच करतो: परमेश्वराची सोबत सुरुवातीला धन्याच्या घरात दोनदा सांगतो आणि शेवटी तुरुंगात पुन्हा दोनदा.

पद गेलं, अब्रू गेली, अंगावरचं वस्त्र गेलं. सोबत तेवढी गेली नाही.