ओहाराचे तीन कागद आणि नोंदवहीतील आई

रडयार्ड किपलिंग यांची ‘किम’ ही कादंबरी १९०१ साली प्रसिद्ध झाली. साम्राज्यसत्तेचे समर्थन करणारी म्हणून तिच्यावर टीका झाली आणि उत्तर हिंदुस्थानातील रस्ते, सराया व माणसे यांच्या जिवंत चित्रणासाठी तिचे कौतुकही झाले. या दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात या कादंबरीकडे काहीशा घरगुती अंगाने पाहावयाचे आहे. एका आयरिश शिपायाचा पोरका मुलगा कोण, हे कागदपत्रांवरून कसे ठरते, याची ही कथा आहे. ‘आमचा मूळ पुरुष आयर्लंडहून पलटणीत आला होता’ एवढीच आठवण एखाद्या कॅथॉलिक कुटुंबात उरलेली असेल आणि चर्चच्या व सैन्याच्या नोंदींतून तिचा माग काढावा असे त्या कुटुंबाला वाटत असेल, तर त्याने ‘किम’ अवश्य वाचावी. कागद काय सांगतात हे तिच्यातून कळते आणि काय सांगत नाहीत तेही कळते.

कथानक थोडक्यात असे. किमचा बाप किमबॉल ओहारा हा ‘मॅव्हरिक्स’ नावाच्या एका काल्पनिक आयरिश पलटणीतील तरुण सार्जंट. एका कर्नलच्या घरी मुले सांभाळणाऱ्या बाईशी त्याने लग्न केले. पुढे पलटण सोडून तो रेल्वेच्या नोकरीत शिरला. बायको फिरोजपूरला पटकीने वारली. ओहारा दारूच्या आणि अफूच्या नादी लागला आणि तसाच मेला. त्याने मागे ठेवलेली इस्टेट म्हणजे तीन कागद. एक फ्रीमेसन मंडळाचा, दुसरा तेथूनच मिळालेला दाखला आणि तिसरा मुलाच्या जन्माचा दाखला. किमला सांभाळणाऱ्या बाईने हे कागद चामड्याच्या ताइतात शिवून त्याच्या गळ्यात बांधले. लाहोरच्या बाजारात वाढलेला, उन्हाने रापलेला, इंग्रजीपेक्षा देशी भाषा सराईतपणे बोलणारा हा पोर एका तिबेटी लामाचा चेला होऊन हिंडू लागतो. एके दिवशी बापाच्याच पलटणीच्या छावणीत तो पकडला जातो आणि ताईत उघडला जातो.

छावणीतील हा प्रसंग कादंबरीचा कणा आहे. पलटणीचे दोन धर्मगुरू, अँग्लिकन बेनेट आणि कॅथॉलिक फादर व्हिक्टर, ते कागद वाचतात. ओहाराच्या लग्नाला फादर व्हिक्टर स्वतः हजर होते. त्यांची स्मृती आणि तो कागद यांचा मेळ बसतो आणि क्षणापूर्वीचा चोरटा बाजारी पोर ‘साहेब’ ठरतो. आपल्या मुलाकडे कोणीतरी पाहावे, अशी विनवणी ओहाराने त्यात स्वहस्ते लिहून ठेवलेली असते आणि खाली सहीबरोबर पलटणीतील आपला क्रमांकही घातलेला असतो. मरणाऱ्या बापालाही आपली ओळख पटविण्यासाठी सैन्यातील क्रमांकाचा आधार घ्यावासा वाटला, या एका तपशिलात किपलिंग यांनी त्या काळच्या गोऱ्या शिपायाचे सारे जीवन पकडले आहे.

कल्पित असली तरी ही कथा इतिहासाला धरून आहे. १८३० साली ब्रिटिश सैन्यातील दर शंभर शिपायांत सुमारे ४२ आयरिश होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींतही आयरिशांचा भरणा फार मोठा होता. १८४५ नंतरच्या महादुष्काळाने आयर्लंडमधील अनेक घरे रिकामी केली आणि पोटासाठी बंदूक हाती घेणारे तरुण वाढले. पुढे १८८१ साली मद्रास व मुंबई येथील कंपनीच्या दोन जुन्या गोऱ्या पलटणी एकत्र करून ‘रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स’ हे नाव त्यांना देण्यात आले.

गोंदियाकडून अशा पूर्वजाचा माग काढू पाहणाऱ्याची पहिली अडचण भूगोलाची असते. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या कागदांत या जिल्ह्याचे नाव सापडणार नाही. भंडारा, नागपूर, मध्यप्रांत असेच शोधावे लागेल. दुसरे असे, की आज आपण महाराष्ट्रात आहोत म्हणून मुंबईकडे पाहणे स्वाभाविक असले, तरी जुने धागे तिकडे जात नाहीत. कामठीची छावणी १८२१ साली वसली आणि एकोणिसाव्या शतकात दीर्घकाळ ती मद्रासच्या सैन्याकडे होती. तेव्हा शिपाई शोधायचा तो मद्रास इलाख्याच्या दप्तरात. धर्मकार्याचा धागा विशाखापट्टणमला जातो. आजच्या फ्रान्समधील ॲनेसी येथे १८३८ साली स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे धर्मगुरू १८४६ साली तेथे पोहोचले. कामठी व नागपूर त्यांच्याच धर्मक्षेत्रात होते. नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत १८८७ साली झाला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या मार्गावर गोंदिया हे जंक्शन म्हणून वाढले. त्या रेल्वेचे मुख्य कार्यालय कलकत्त्यास गार्डन रीच येथे होते. ओहाराप्रमाणे पलटण सोडून रेल्वेत शिरलेल्या माणसाची उत्तरायुष्यातील नोंद म्हणून त्या दिशेने पाहावी लागते. एका माणसाच्या आयुष्याचे तीन धागे असे तीन शहरांत विखुरलेले असतात.

या नोंदी हाती आल्या की त्या वाचायच्या कशा, हा समीक्षेचा प्रश्न आहे. नोंद हेही एक लेखनच असते. ते कोणीतरी, कोणासाठी तरी, काही हेतूने केलेले असते. सैन्यातील भरतीच्या कागदावर शिपायाचे नाव, वय, जन्माचा धर्मग्राम व परगणा, पूर्वीचा धंदा, उंची, डोळ्यांचा व केसांचा रंग इतके सारे आढळते. वंशजाला हा मोठाच ठेवा वाटतो, आणि तो आहेही. आजोबांच्या आजोबांचे डोळे निळे होते हे दुसरे कोण सांगणार? परंतु ते वर्णन कौतुकाने लिहिलेले नसते. पळून गेलेल्या शिपायाला ओळखता यावे, हा त्यामागचा एक हेतू होता. वय व नाव यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. भरती व्हावी म्हणून वय वाढवून सांगणारे होते आणि घर चुकवून टोपण नावाने दाखल होणारेही होते.

चर्चच्या नोंदवहीचा स्वभाव निराळा आहे. स्नानसंस्काराच्या नोंदीत बाळाची उंची नसते, नाती असतात. बाप, आई, धर्मपिता, धर्ममाता आणि संस्कार देणारा धर्मगुरू. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहांची नोंद ठेवण्याचा दंडक घातला, तेव्हापासून ही शिस्त चालत आली. लॅटिनमध्ये लिहिलेल्या नोंदींत पॅट्रिकचा ‘पॅट्रिसियस’, जेम्सचा ‘याकोबुस’ आणि विल्यमचा ‘गुलिएल्मुस’ होतो, हे ठाऊक नसले तर आपलाच माणूस डोळ्यांसमोरून निघून जातो. धर्ममातापित्यांच्या नावांकडे विशेष लक्ष द्यावे. दूरदेशी आलेला शिपाई या मानासाठी बहुधा पलटणीतील सोबत्याला किंवा बायकोच्या बहिणीला बोलावणार. म्हणजे नात्याचा दुसरा धागा तेथेच हाती लागण्याचा संभव असतो. विवाहाची टीप वर-वधूंच्या स्नानसंस्काराच्या नोंदीपाशी करण्याचा नियम १९०८ पासून कडक झाला. लग्न ठरले की आपण ज्या धर्मग्रामात स्नानसंस्कार झाला तेथून दाखला आणतो, त्यामागे हीच व्यवस्था आहे. त्या समासातील बारीक अक्षरांवरून एका गावचे माणूस दुसऱ्या गावी सापडते.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत कंपनी सरकारच्या काळापासूनच्या स्नानसंस्कार, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला इलाख्यांनुसार लावून ठेवल्या आहेत. १९९८ साली स्थापन झालेल्या ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’च्या स्वयंसेवकांनी पुष्कळ सूच्या तयार केल्या आहेत. पण सरकारकडे गेलेल्या या नकलांत अँग्लिकन नोंदी अधिक आणि कॅथॉलिक नोंदी अपुऱ्या आहेत. नकलेत नाव नाही म्हणून माणूस नव्हता असे मानू नये. मूळ वही धर्मग्रामातच शोधावी लागते.

आयर्लंडकडच्या टोकाला याच गोष्टीचा विलक्षण पडताळा येतो. १९२२ च्या जूनअखेर डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ इमारतीतील सरकारी दप्तरखाना यादवी युद्धात भस्मसात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जनगणनेचे बहुतेक कागद आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक वह्या त्यात गेल्या. कॅथॉलिक वह्या मात्र वाचल्या, कारण त्या सरकारी दप्तरात मुळात दाखलच नव्हत्या. त्या गावोगावच्या धर्मगुरूंकडे राहिल्या होत्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ साली त्यांची छायाचित्रे सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. तेथे कॅथॉलिकांच्या जन्मांची सरकारी नोंदणी १८६४ पासूनची आहे. त्यापूर्वी जन्मलेल्या शिपायाचा आधार म्हणजे हीच वही. सैन्याच्या कागदावरील धर्मग्रामाचे नाव आणि ही वही एकत्र आली, की दोन्ही टोके जुळतात.

येथपर्यंत सारे बापाच्या बाजूने चालले आहे, आणि ‘किम’चे मूल्यमापन मला येथेच करावेसे वाटते. त्या तीन कागदांतून बाप सिद्ध होतो. आई केवळ उल्लेखापुरती येते. ॲनी शॉट हे तिचे नाव, ती मुले सांभाळीत असे आणि पटकीने वारली, यापलीकडे ती कोण होती, कोठली होती, याची चौकशी कादंबरीत कोणी करीत नाही. किमही करीत नाही. ज्या बाईने त्याला लहानाचे मोठे केले, ते कागद जपून त्याच्या गळ्यात बांधले, ती तर अफू ओढणारी बाई म्हणून बाजूस पडते. कागद सांभाळणाऱ्या हाताला कागदात स्थान नाही. किपलिंग यांच्या निरीक्षणशक्तीविषयी दुमत नसावे. परंतु येथे त्यांची दृष्टी पलटणीच्या कारकुनाची दृष्टी झाली आहे, असे म्हणावे लागते.

याच लेखकाने सात वर्षे आधी, १८९४ साली, ‘द जंगल बुक’ लिहिले. शिवनीचे डोंगर आणि आपल्या जिल्ह्यालाही पाणी देणारी वैनगंगा ही त्यातील मोगलीच्या कथांची भूमी आहे. मोगली हाही दोन जगांत वाढलेला मुलगा, पण त्याच्यापाशी कागद एकही नाही. त्याला दोन आया आहेत. लांडगीण राक्षा त्याच्यासाठी शेरखानापुढे उभी राहते. गावातील मेसुआचा मुलगा वाघाने नेलेला असतो. हा तोच की नव्हे, याची तिला खात्री नसते, तरी ती त्याला दूध-भाकरी देते आणि घरात घेते. पुरावा अपुरा आणि माया पुरी. वैनगंगेकाठच्या कथेत किपलिंग यांना जे दिसले, ते छावणीतील कथेत त्यांच्या हातून निसटले.

खऱ्या नोंदींतही हेच घडले आहे. पलटणीच्या लेखी वरिष्ठांच्या परवानगीने केलेली बायकोच बायको असे. परवानगीविना लग्न केलेल्या स्त्रीला राहायला जागा नाही, शिधा नाही आणि बहुधा नोंदही नाही. येथील मातीतील स्त्रीशी शिपायाने संसार केला, तर सैन्याच्या कागदांत तिला शोधणे बहुधा व्यर्थच. चर्चच्या वहीत ती भेटू शकते, पण तेथेही अनेकदा केवळ ‘मारिया’ किंवा ‘ॲना’ एवढीच. माहेरचे नाव, गाव, भाषा काही नाही. विधवा झाल्यावर तिने त्याच पलटणीतील दुसऱ्या शिपायाशी लग्न केले, तर आडनावही बदलते. अशा वेळी आडनाव सोडून स्नानसंस्काराचे नाव धरावे, साक्षीदार पाहावेत, तिच्या प्रत्येक मुलाच्या वेळी धर्ममाता कोण झाली ते पाहावे. सहीच्या जागी तिने काढलेली फुली दिसली, तर तिच्या हातची एवढीच खूण उरली आहे हे ध्यानात घेऊन क्षणभर थांबावे.

पूर्वज शोधणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपल्याला माणूस हवा आहे की साहेब? आयरिश नाव सापडले की वंशावळीचे झाड तेथून सरळ कॉर्क किंवा गॉलवेकडे न्यायचे आणि कामठीत वा भंडाऱ्यात जन्मलेली ती आई रिकाम्या चौकटीत ठेवायची, हा मोह स्वाभाविक आहे, पण तो न्याय्य नाही. त्या घराची भाषा, स्वयंपाक, अंगाईगीत आणि कदाचित श्रद्धेची चिकाटीही तिच्याकडून आलेली असू शकते. स्नानसंस्काराच्या वहीत सार्जंट आणि हमाल, गोरा आणि काळा एकाच पानावर, आलेल्या क्रमाने लिहिले जातात. तिचा वारस म्हणविणाऱ्याने त्या पानातून एकच नाव उचलून बाकीची पुसू नयेत.

‘किम’ ही मोठी कादंबरी आहे, याचे कारण कागदांनी प्रश्न सुटत नाही हे किपलिंग यांच्यातील कलावंताला उमगले होते. साहेब ठरल्यावर किमला लखनौच्या शाळेत घालतात. तिचे शुल्क मात्र सरकार भरीत नाही, पलटणही भरीत नाही. ते भरतो तो लामा, ज्याचे किमशी रक्ताचे नाते नाही. शिकून तो सरकारचा हेर होतो. तरीही आपण कोण, हा प्रश्न तो पुनःपुन्हा स्वतःला विचारीत राहतो आणि त्या तीन कागदांपैकी एकही त्याचे उत्तर देत नाही. कादंबरीची मर्यादा एवढीच, की उत्तर शोधताना तो आईपर्यंत पोहोचत नाही.

ते काम वाचकाने करावयाचे आहे. घरात जुनी प्रार्थनापुस्तके असतील, त्यांच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यूच्या तारखा असतील, रेल्वेच्या निवृत्तिवेतनाचे कागद असतील, ते उधई लागण्यापूर्वी उतरवून घ्यावेत. जी वडीलधारी माणसे हयात आहेत, त्यांना आधी आजीचे आणि पणजीचे माहेर विचारावे, मग आजोबांची पलटण. पलटण लंडनच्या दप्तरात आणखी शंभर वर्षे सुरक्षित राहील. पणजीचे माहेर ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापाशी तेवढा वेळ नाही.