तारीख नसलेलं मत : 'अननोन प्लेझर्स'च्या परीक्षणांकडून काय शिकायचं?

काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या, डोंगररांगांसारख्या रेघा. हा टी-शर्ट तुम्ही कुणाच्या तरी अंगावर नक्की पाहिला असेल. ती आकृती मुळात एका पीएच.डी.च्या प्रबंधातली आहे, हे मात्र घालणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं. १९६७ मध्ये केंब्रिजला पीएच.डी. करत असलेल्या जॉसलिन बेल यांना पहिला पल्सर सापडला. त्याच पल्सरचे स्पंद एकाखाली एक मांडून हॅरल्ड क्राफ्ट यांनी ही आकृती कॉर्नेल विद्यापीठातल्या १९७० च्या आपल्या प्रबंधात दिली. पुढे ती खगोलशास्त्राच्या एका कोशात छापली गेली आणि तिथून जून १९७९ मध्ये जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या पहिल्या अल्बमच्या, 'अननोन प्लेझर्स'च्या, मुखपृष्ठावर आली. तिथे ना बँडचं नाव, ना आकृतीचं कॅप्शन. मग कुणाला त्यात डोंगर दिसतात, कुणाला हृदयाचे ठोके.

आज मला त्या अल्बमबद्दलच्या मतांविषयी लिहायचंय. कारण त्या मतांचंही कॅप्शन गळून पडलंय.

आज हा अल्बम 'अभिजात' म्हणून सांगितला जातो आणि त्याच्याबद्दलचं बहुतेक लिखाण एका वाक्याकडे येतं: गायक इयन कर्टिस यांचा शेवट या गाण्यांत आधीच ऐकू येत होता. कर्टिस यांनी १८ मे १९८० रोजी, वयाच्या २३ व्या वर्षी आत्महत्या केली. म्हणजे हे वाक्य १९७९ च्या परीक्षणात असणं शक्यच नाही. ते नंतरचं आहे.

मग १९७९ मध्ये काय झालं? फॅक्टरी या छोट्या स्वतंत्र कंपनीने पहिल्या खेपेला १०,००० प्रती काढल्या. 'मेलडी मेकर'मध्ये जॉन सॅव्हेज यांनी अल्बम उचलून धरला. 'साउंड्स'मधलं परीक्षण तितकं खूश नव्हतं. ब्रिटनच्या अल्बम-यादीत तो तेव्हा आलाच नाही. आला तो ऑगस्ट १९८० मध्ये, कर्टिस गेल्यानंतर, ७१ व्या क्रमांकावर. आणि गंमत म्हणजे खुद्द बँडमधल्या बर्नार्ड समनर आणि पीटर हुक यांना त्याचा आवाज आवडला नव्हता. मंचावर ते जोरकस, आक्रमक वाजवायचे. निर्माते मार्टिन हॅनेट यांनी स्टॉकपोर्टच्या स्टुडिओत ड्रम सुटे सुटे वाजवून घेतले, डिजिटल डिलेने आवाजात रिकामी जागा तयार केली. पुढे हुक यांनीच हॅनेट यांचं श्रेय मान्य केलं. आता सांगा, हुक यांचं 'खरं' मत कोणतं? दोन्ही. फक्त तारखा वेगळ्या.

तारीख गळली तर काय बिघडतं, याचं उदाहरण म्हणजे 'शी'ज लॉस्ट कंट्रोल' हे गाणं. कर्टिस यांना अपस्मार होता, त्यामुळे हे गाणं त्यांचं आत्मचरित्र म्हणून ऐकलं जातं. प्रत्यक्षात ते मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात नोकरी करत होते आणि तिथे मदतीसाठी येणाऱ्या, अपस्मार असलेल्या एका तरुणीवरून हे गाणं सुचलं. ती झटक्यातच वारली. आपण हे गाणं फक्त गायकाच्या शेवटाकडे बोट दाखवणारं म्हणून ऐकलं, की ती मुलगी गाण्यातून नाहीशी होते. माझ्या मते या समीक्षेतली ही सगळ्यात मोठी चूक आहे.

दुसरीही बाजू आहे. 'सगळं आधीच दिसत होतं' म्हणणं म्हणजे जवळच्यांना दिसायला हवं होतं, असं म्हणणं. बँडमधल्यांनी नंतर अनेकदा सांगितलंय की तेव्हा शब्दांकडे आमचं फारसं लक्षच नव्हतं. उत्तर माहीत झाल्यावर पुरावा सोपा वाटतो. आपल्या प्रयोगातही असंच होतं; म्हणून तर आपण 'ब्लाइंड' चाचण्या करतो.

कर्टिस यांचं काय झालं ते बाजूला ठेवून, फक्त कानांनी मी हा अल्बम पुन्हा ऐकला. सगळा सारखा चांगला नाही. 'कँडिडेट' मला अर्धवट वाटतं. पण 'डिसऑर्डर'मध्ये बासने धून धरली आहे आणि गिटार मागे सरकली आहे. 'आय रिमेंबर नथिंग'मध्ये मधूनच काच फुटते आणि पुन्हा शांतता. हा उदासपणा वाद्यांच्या मांडणीतून येतो. तो टिकायला कुणाच्या मरणाचा आधार लागत नाही.

माझ्या पहिल्या लिटरेचर रिव्ह्यूवर गाइडनी एकच शेरा मारला होता: 'हे कधी म्हटलं?' तेव्हा राग आला होता. मी १५ वर्षांच्या अंतराने आलेले पेपर एकाच परिच्छेदात असे बसवले होते की जणू सगळे एका टेबलाभोवती बोलत होते! आता माझ्या एक्सेल शीटमध्ये पहिला कॉलम वर्षाचा असतो आणि दुसरा 'तेव्हा यांना काय माहीत नव्हतं' याचा. दुसरा भरायला वेळ लागतो, पण रिव्ह्यू खरा त्यातूनच उभा राहतो.

तुमच्या विषयातले पाच पेपर घ्या आणि हे दोन कॉलम भरून बघा. निदान एका पेपरबद्दलचं तुमचं मत बदलेल.