बर्वे कुणी व्हायचं?

पुरुषाने लुगडं नेसलं की हशा ठरलेला, ही आपल्या रंगभूमीवरची जुनी खात्रीची सोय. तमाशात मावशी पदर सावरत आली की गवळण रंगलीच म्हणून समजा. पण बालगंधर्व शालू नेसून आले तेव्हा कुणी हसलं नाही; उलट बायका घरी जाऊन तसंच नेसायला बघत. म्हणजे नेसावं तर एक तर हसू फुटेल असं, नाही तर भान हरपेल असं. मधल्याने काय करायचं?

सतीश आळेकरांचं 'बेगम बर्वे' (१९७९) हे या मधल्याचं नाटक. बर्वे एके काळी संगीत नाटकांत किरकोळ स्त्रीभूमिका करायचे. आता श्यामरावच्या दमदाटीखाली उदबत्त्या विकतात. तिकडे जावडेकर आणि बावडेकर हे दोन ब्रह्मचारी कारकून ऑफिसातल्या नलावडेबाईंची स्वप्नं बघताहेत. दोन्हीकडची स्वप्नं एकमेकांत मिसळतात, बर्वेच नलावडेबाई होतात, जावडेकरांशी लग्न लागतं आणि गाडी थेट डोहाळजेवणापर्यंत जाते!

एका जुलैत आम्ही चार निवृत्त मित्र भंडारदऱ्याला रंधा धबधबा बघायला गेलो आणि पावसाने खोलीत कोंडले गेलो. दिवे नाहीत, पत्ते ओले. म्हटलं, मेणबत्ती लावून हेच नाटक वाचू. जावडेकर व्हायला तिघे तयार. श्यामरावही पटकन खपला. बर्वे मात्र कुणी घेईना! एकाने घसा दाखवला, दुसऱ्याने गुडघा. वाचायचं बसून, त्यात गुडघ्याचा काय संबंध? शेवटी आमच्यातला माजी बँक-अधिकारी चहा सांगायला खाली गेला, तेवढ्यात त्याच्या गळ्यात बर्वे मारले. सुरुवातीला आम्ही खिदळलो. डोहाळजेवणाला त्याने पंचा खांद्यावरून घेतला, आवाज खाली आणला, आणि कुणाला हसूच येईना. पंचा जरा जास्तच नीट घेतला होता.

आळेकरांची करामत हीच. बर्वे हसवायला आलेलेच नाहीत. त्यांना हवा आहे संसार, तोही साधा, डोहाळे पुरवण्याइतका. शिवाय नाटक कुणावर शिक्का मारत नाही; जावडेकरांना नेमकं कोण आवडतं, हे तुम्हीच ठरवत बसा. या सगळ्यांत शुद्धीवर असलेला माणूस एकच, श्यामराव. आणि स्वप्न उधळतो तोच. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३७७ कलमातून सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध वगळले, उत्तम झालं. पण श्यामराव कुठल्या कलमात बसतो?

तक्रार एकच. या नाटकाची निम्मी गंमत नाट्यपदांत आहे. ज्याच्या घरी ती कधी वाजलीच नाहीत, तो पंचविशीतला प्रेक्षक बिचारा शेजाऱ्याकडे बघून हसतो. प्रयोगाआधी अर्धा तास कुणी पेटी घेऊन बसलं, तर त्याचीही सोय होईल.